नायट्रसच्या लाईन कशा टाकाव्यात: बाटलीपासून नोझलपर्यंत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार सिलिंडरचं, फ्युएल इंजेक्शन असलेलं पेट्रोल इंजिन आहे. त्याला जास्तीची ताकद देणारा नायट्रस (नायट्रस ऑक्साइड) लावायचा आहे. त्यावर एका नोझलचं, 50 हॉर्सपॉवरचं वेट किट (नायट्रससोबत पेट्रोलही फवारणारं) बसवायचं आहे आणि बाटली डिकीत ठेवायची आहे. डिकीपासून बॉनेटपर्यंत लाईन कुठून न्यावी, नळी कोणती घ्यावी, आट्यांना टेफ्लॉन टेप लावावी का, फिल्टर आणि पर्ज (लाईनमध्ये साचलेला वायू बाहेर सोडणारा फाटा) कुठे बसवावेत, आणि पहिल्यांदा बाटली उघडण्याआधी काय तपासावं, हे तुम्हाला हवं आहे. गाडी फक्त ट्रॅकवर चालवणार असल्याचं तुम्ही लिहिलं आहे, ते चांगलंच झालं. सार्वजनिक रस्त्यावर नायट्रस वापरायला बऱ्याच देशांत बंदी किंवा मर्यादा आहे.

बरीच वर्षं मी या लाईन जोडतो आहे आणि दुसऱ्यांनी जोडलेल्या उघडूनही बघतो आहे. इंजिन फुटलं की लोक म्हणतात, नायट्रसने खाल्लं. पिस्टन काढून जेट, फिल्टर आणि फ्लेअर (नळीचं शंकूसारखं पसरवलेलं टोक) तपासले की निम्म्याहून अधिक वेळा दोष नळीकामात सापडतो. म्हणून आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. बाटलीत नायट्रस द्रवरूपात असतो आणि तो जेटपर्यंत द्रव म्हणूनच पोचला पाहिजे. लाईनचं काम तेवढंच.

20 अंश सेल्सिअसला द्रव नायट्रसची घनता लिटरला साधारण 785 ग्रॅम असते. त्याच बाटलीत द्रवाच्या वर जो वायू असतो, त्याची घनता 160 ग्रॅमच्या आसपास. आता जेट म्हणजे ठरावीक मापाचं एक भोक. त्यातून द्रव गेला तर किटवाल्याने हिशेबात धरलेलं वजन जातं, वायू गेला तर त्याच्या निम्मंसुद्धा जात नाही. इकडे पेट्रोलचा जेट मात्र आपलं ठरलेलं पेट्रोल ओततच राहतो. लाईनमध्ये नायट्रसला उकळी फुटली की मिश्रण आधी एकदम जाड होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं, मग द्रव येऊन आदळला की पुन्हा पातळ. गाडी गचके देते आणि माणूस इग्निशनमध्ये दोष शोधत बसतो.

उकळी फुटते दोन कारणांनी: उष्णता आणि दाब अचानक पडणं. वातावरणाच्या दाबाला नायट्रस उणे 88 अंशांनाच उकळतो. बाटलीत तो द्रव राहतो तो केवळ स्वतःच्या बाष्पदाबामुळे, आणि हा दाब तापमानावर ठरतो. 20 अंशाला साधारण 50 बार म्हणजे 735 पीएसआय, 30 अंशाला 63 बार म्हणजे 900 पीएसआयच्या थोडा वर. बहुतेक किटचे जेट 900 ते 950 पीएसआय धरून दिलेले असतात, म्हणजे बाटली 30 अंशांच्या आसपास हवी. 36.4 अंशांच्या वर द्रव आणि वायू हा फरकच उरत नाही आणि घनता झपाट्याने घसरते. म्हणून बाटली जास्त तापवली तर जास्त ताकद मिळेल, हा समज चुकीचा आहे. तापवायची तर दाबावर बंद होणारा विजेचा हीटर वापरा. ज्योत, टॉर्च, गरम हवेची बंदूक यांना बाटलीजवळ फिरकू देऊ नका.

बाटली बसवताना आत सायफन नळी (तळातला द्रव उचलणारी) आहे का, ते आधी बघा. आडव्या बसवायच्या बाटलीत ही नळी वाकवून मागच्या बाजूला तळाशी टेकवलेली असते. कारण गाडीने वेग घेतला की द्रव मागे आणि खाली जातो. म्हणून नेहमीची पद्धत अशी: व्हॉल्वचं तोंड गाडीच्या पुढच्या दिशेला, पुढची बाजू जराशी उचललेली, लेबल वर. पण सायफन कुठल्या बाजूला वाकवलेला आहे ते उत्पादकावर असतं, त्यामुळे बाटलीसोबतचा कागद नीट वाचा. बाटली उलटी फिरवून बसवली तर ती अर्धी रिकामी होताच सायफन वायू ओढू लागतो, आणि दोष मात्र लाईनमध्ये असल्यासारखा दिसतो. व्हॉल्वच्या पोटात जी फुटणारी सुरक्षा चकती असते, तिच्या तोंडाला नळी जोडून ती गाडीच्या बाहेर काढा. डिकी केबिनपासून पूर्ण बंदिस्त नसेल तर याला पर्याय नाही. चकती फुटली की काही सेकंदांत सगळी बाटली मोकळी होते, आणि बंद जागेतला नायट्रस श्वासातला ऑक्सिजन बाजूला सारतो. बाटली वजनावरच भरून घ्या, लेबलवरच्या आकड्यापेक्षा एक ग्रॅमही जास्त नको. वर वायूला जागा उरली नाही तर उन्हात उभ्या गाडीत चकती फुटणारच.

आता मुख्य लाईन. शॉट, म्हणजे नायट्रसने मिळणारी जास्तीची ताकद, 50 हॉर्सपॉवरचा असो की 150 चा, एएन 4 मापाची नळी पुरते. एएनचा आकडा म्हणजे नळीचा बाहेरचा व्यास इंचाच्या सोळाव्या भागांत, म्हणजे 4 म्हणजे पाव इंच. एएन 6 मोठ्या शॉटला लागते. छोट्या किटवर ती लावली तर नुसता जास्त नायट्रस लाईनमध्ये साठतो आणि पर्जमध्ये वाया जातो. नळी आतून टेफ्लॉनची, बाहेरून स्टेनलेसच्या जाळीची, आणि कामाचा दाब 2500 ते 3000 पीएसआय लिहिलेली हवी. पेट्रोलची रबरी नळी बाहेरून तशीच जाळीदार दिसली तरी इथे चालत नाही. या दाबाला रबरात वायू मुरतो, दाब सोडला की रबराला आतून फोड येतात आणि त्याचे तुकडे सुटून थेट सोलेनॉइडमध्ये (विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्वमध्ये) जातात. तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून कुणी सुचवेल, पण तांबं कंपनाने कडक होत जातं आणि फ्लेअरच्या गळ्याशी चिरतं. ते नको.

नळी गाडीखालून नेताना तिच्या आजूबाजूला काय गरम होतं, काय फिरतं, काय वरखाली होतं, हे आधी बघा. मी गाडी लिफ्टवर घेतो आणि नळीच्या जागी दोरी धरून पूर्ण मार्ग काढतो. सायलेन्सरची नळी आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ज्या बाजूला आहे, त्याच्या विरुद्ध बाजूने जा. दोन्ही बाजूंना एक्झॉस्ट असेल तर चॅसीच्या पट्टीच्या आतल्या कुशीतून न्या आणि जिथे जवळ यावंच लागतं तिथे उष्णतारोधक बाही चढवा. सस्पेन्शनचा हात पूर्ण खाली लोंबकळताना आणि पूर्ण वर दाबलेला असताना, दोन्ही स्थितींत नळी मोकळी राहते का ते बघा. जॅक लावायच्या जागा खडूने आखून ठेवा. एकदा एका गाडीला तिसऱ्या फेरीनंतर दम लागत होता. खाली वाकून पाहिलं तर नळीवर एका जागी बोटभर रुंद पांढरं बर्फ धरलं होतं. टायर बदलताना जॅकखाली नळी चेपली होती आणि तेवढ्याशा अरुंद जागेत दाब पडून नायट्रस तिथेच उकळत होता. लाईनवर एकाच जागी दव किंवा बर्फ धरलं, की अडथळा तिथेच असतो. फिल्टरवर धरलं तर फिल्टर तुंबला, बाटलीच्या तोंडावर धरलं तर व्हॉल्व पूर्ण उघडलेला नाही.

जाळीदार नळीबद्दल आणखी दोन गोष्टी. ही जाळी म्हणजे कानस आहे. जिथे घासेल तिथे ती पत्रा, ॲल्युमिनिअम, वायरचं आवरण, सगळं कापत जाते. शिवाय ती विजेची वाहक आहे. बॅटरीच्या धन टोकाजवळून किंवा स्टार्टरच्या जाड वायरला खेटून नेली आणि आवरण कापलं गेलं, तर ऑक्सिडायझरने (ज्वलनाला ऑक्सिजन पुरवणाऱ्या पदार्थाने) भरलेल्या नळीवर ठिणगी पडते. म्हणून प्रत्येक पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट, दर 30 ते 40 सेंटीमीटरवर रबर लावलेला क्लॅम्प, आणि वायरिंगपासून स्पष्ट अंतर. प्लॅस्टिकच्या टायवर भरवसा ठेवू नका, उष्णतेने त्या ठिसूळ होतात. दोन्ही टोकांना थोडी ढील ठेवा: इंजिन माउंटवर हलतं, चॅसी हलत नाही, आणि मधली नळी ताणलेली असली की फिटिंग सैल होत जातं.

नळीचं टोक उघडं असताना मार्गातून ओढू नका. टोपी किंवा टेप लावून ओढा. गाडीखालची धूळ एकदा आत गेली की ती जेटपर्यंत पोचणारच.

आता फिटिंग, आणि इथे मी थोडा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त गळती आणि सगळ्यात जास्त कचरा इथूनच येतो. तुमच्या किटमध्ये दोन अगदी वेगळ्या जातीचे जोड आहेत. एक एएन, ज्यात 37 अंशांचा शंकू शंकूवर बसतो आणि धातू धातूवर दाबला जाऊन सील होतं. इथे आटे फक्त ओढून धरायचं काम करतात. दुसरा एनपीटी, ज्याचे आटे स्वतःच निमुळते असतात आणि आट्यांमध्येच सील होतं. सोलेनॉइडच्या तोंडाला, नोझलच्या बुडाला बहुतेक वेळा इंचाच्या आठव्या भागाचा एनपीटी असतो. या दोघांना एकच औषध लावणं ही सगळ्यांत मोठी चूक.

एएनच्या शंकूवर काहीही लावायचं नाही. टेप नाही, पेस्ट नाही, तेल नाही, ग्रीस तर नाहीच. गळत असेल तर शंकूवर ओरखडा आहे, कण अडकला आहे किंवा कोन चुकला आहे, आणि यातलं काहीच पेस्टने बरं होत नाही. कोनाचं म्हणाल तर ब्रेकच्या कामाचं फ्लेअर हत्यार बहुधा 45 अंशांचं असतं. 45 चा फ्लेअर 37 च्या फिटिंगवर हाताला छान बसल्यासारखा वाटतो, पण टेकतो फक्त एका बारीक कडेवर. 900 पीएसआयला तो गळतो. मग माणूस पान्याला पाईप लावून आणखी आवळतो, ॲल्युमिनिअमचा शंकू चिरतो आणि आता दोन्ही भाग फेकायचे होतात. कडक नळी वापरणार असाल तर 37 अंशांचं हत्यार वेगळं घ्या, नळी कटरने कापा, आतली बर (कापल्यावर उरलेली धारदार कड) काढा, फुंकून साफ करा, आणि फ्लेअर करण्याआधी नट आणि बाही नळीवर चढवली आहे ना, ते बघा.

आवळताना दोन पाने: एकाने फिटिंगचं अंग धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा. आधी नट हाताने पूर्ण बसू दे. तो हाताला मऊ, सरळ गेला पाहिजे. मग पान्याने थोडंसंच, फिटिंगच्या उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कपर्यंत. झालं की नटापासून अंगापर्यंत पेंट-मार्करची एक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की जोड सैल झाला, हे पाना न लावता कळतं. कंपनाच्या गाडीत याच्यापेक्षा सोपी तपासणी मला माहीत नाही.

एनपीटीच्या आट्यांवर मात्र सील लागतं. तिथे टेफ्लॉनची द्रव पेस्ट वापरा, ऑक्सिजन किंवा नायट्रससाठी योग्य असल्याचं डब्यावर लिहिलेली. टोकाचे पहिले दोन आटे कोरडे सोडा, तिसऱ्यापासून थोडीशी लावा, आणि फिटिंग पुढे सरकताना पेस्ट मागे येईल, आत जाणार नाही, अशा बेताने बसवा. टेप अजिबात नको.

का नको, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एक गाडी माझ्याकडे ओढून आणली होती. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन शून्य, पिस्टनचा कडेचा भाग वितळून रिंगपर्यंत खाली वाहिलेला. मालक म्हणाला, जेट बरोबर होते, बाटली 920 पीएसआयवर होती, सगळं कागदाप्रमाणे. पेट्रोलच्या बाजूचा जेट मी उजेडाकडे धरला. भोकाच्या कडेला एक पांढरा धागा वळलेला होता, केसाहून जरा जाड. त्याने अर्धं भोक झाकलं होतं. सोलेनॉइडच्या तोंडाच्या फिटिंगवर कुणीतरी टेप गुंडाळली होती, फिटिंग वळवताना तिची कड कापली गेली आणि पहिल्याच शॉटला ती जेटमध्ये जाऊन बसली. नायट्रस पूर्ण, पेट्रोल निम्मं. नायट्रसमध्ये वजनाने 36 टक्के ऑक्सिजन असतो, हवेत 23. एवढ्या ऑक्सिजनला पुरेसं पेट्रोल मिळालं नाही तर तो जे सापडेल ते जाळतो, आणि ज्वलनकक्षात सापडतं ते ॲल्युमिनिअम. मिश्रण पूर्ण जळायला एक ग्रॅम पेट्रोलला साडेनऊ ग्रॅमच्या आसपास नायट्रस लागतो. किट मुद्दाम यापेक्षा जाड ठेवतात, म्हणजे पेट्रोल जास्त देतात. त्या धाग्याने ती सगळी शिल्लक खाऊन टाकली होती.

तेल-ग्रीसबद्दलही एवढ्याच गांभीर्याने घ्या. दाबाखालच्या ऑक्सिडायझरमध्ये हायड्रोकार्बन सापडला तर तो आपणहून पेटू शकतो. म्हणून फिटिंग, नळी, फिल्टर, सगळं सॉल्व्हंटने धुऊन कोरड्या हवेने फुंकून घ्या. हात तेलकट असतील तर हातमोजे बदला. बाटलीचा व्हॉल्व नेहमी हळू उघडायचा, कारण बंद टोकाकडे धावणारा वायू दाबाने तापतो. पण हळू सुरू करून शेवटी पूर्ण उघडायचा. अर्धवट उघडा व्हॉल्व म्हणजे बाटलीच्या तोंडाशीच उकळी.

इंजिनकडच्या टोकाला क्रम असा: नळी, फिल्टर, मग सोलेनॉइड. पर्जचा फाटा फिल्टर आणि सोलेनॉइडच्या मधे, सोलेनॉइडला जमेल तेवढा चिकटून. पर्जचा उपयोग ढग दाखवायला नसून सोलेनॉइडच्या दारापर्यंत साचलेला वायू काढून द्रव तिथे आणून ठेवायला आहे. फाटा दोन फूट मागे घेतला तर त्या दोन फुटांतला वायू तसाच राहतो आणि शॉटच्या पहिल्या क्षणी इंजिनात जातो. पर्ज दाबला की आधी पातळ, तुटक फुसफुस येते आणि मग झोत एकदम दाट, पांढरा, सलग होतो. तो सलग झाला की बोट काढा. त्याचं तोंड काच आणि हवेच्या फिल्टरपासून लांब वळवा. फिल्टर नायट्रससाठीच बनवलेला, सिंटर्ड धातूचा किंवा बारीक स्टेनलेस जाळीचा घ्या. पेट्रोलचा फिल्टर हा दाब झेलत नाही.

सोलेनॉइडवर आत येण्याचं तोंड खुणेने दाखवलेलं असतं. नायट्रसच्या सोलेनॉइडमध्ये बाटलीचा दाबच आतली गोटी बसकेवर दाबून धरतो. उलटा जोडला तर दाब तीच गोटी उचलतो आणि तो गळत राहतो. फिटिंग बसवताना सोलेनॉइड खालच्या षटकोनी भागाला धरा, वरचा कॉइलचा डबा पकडून कधीही पिळू नका. आतली नळी वाकली तर तो उघडेल पण पूर्ण मिटणार नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब, पण नोझलच्या शक्य तेवढ्या जवळ त्याला जागा द्या.

पेट्रोलच्या बाजूकडे लोक कमी लक्ष देतात, कारण तिकडे फक्त 3 बारच्या आसपास दाब असतो. इंजिन मात्र तिकडेच जातं. पेट्रोल फ्युएल रेलच्या (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीच्या) तपासणी तोंडावरून किंवा रेलकडे येणाऱ्या लाईनला टी लावून घ्या. परतीच्या लाईनवरून कधीही घेऊ नका, तिथे रेग्युलेटरच्या पलीकडे दाबच नसतो. नळी एएन 4, टेफ्लॉनची. रिवाज असा की नायट्रसच्या जोडांना निळी फिटिंग आणि पेट्रोलच्या जोडांना लाल. हा रिवाज पाळा, कारण अंधारात घाईने काम करताना तोच वाचवतो. पंप खरोखर पुरतो का, ते मोकळ्या इंजिनवर नव्हे, पूर्ण थ्रॉटलला दाब मोजूनच ठरवा. आणि पेट्रोलचा दाब पडला की दोन्ही सोलेनॉइड बंद करणारा प्रेशर स्विच लावा. 50 च्या शॉटलाही तो हवाच.

पेट्रोलच्या सोलेनॉइडपासून नोझलपर्यंतची नळी नायट्रसच्या नळीपेक्षा लांब नको, जमलं तर आखूडच ठेवा. नायट्रस 60 बारने ढकलला जातो आणि क्षणात पोचतो. पेट्रोल 3 बारवर चालत येतं. शिवाय शॉट संपला की इंजिनच्या ओढीने पेट्रोलची नळी थोडी रिकामी होते, म्हणजे पुढच्या वेळी ती आधी भरावी लागते. नळी लांब असेल तर प्रत्येक शॉटची सुरुवात पेट्रोलशिवाय होते. ही नळी एएन 3 किंवा एएन 4, किटमध्ये येईल तीच.

नोझल एअर फ्लो सेन्सरच्या नंतर आणि थ्रॉटल बॉडीच्या आधी, 15 ते 25 सेंटीमीटरवर बसवा. सेन्सरच्या आधी बसवलं तर त्याच्या तापलेल्या तारेवर द्रव आदळतो आणि आकडे भलतेच येतात. फार दूर बसवलं तर पेट्रोल नळीत साचतं, आणि साचलेलं पेट्रोल म्हणजे इनटेकमध्ये बॅकफायर. भोक पाडायला नळी गाडीवरून काढून टेबलावर घ्या. आठव्या भागाच्या एनपीटीला साधारण 8.7 मिलिमीटरचं ड्रिल, मग निमुळता टॅप, आणि टॅप पूर्ण खोल घालू नका, नाहीतर नोझल आवळायला आटेच उरत नाहीत. प्लॅस्टिकच्या नळीत थेट आटे पाडू नका, आतून नट असलेलं ॲल्युमिनिअमचं बसकं वापरा. भोक पाडताना निघालेला पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा शेवटचा कीसही झटकून, धुऊन काढा. फवारा हवेच्या दिशेने इंजिनकडे तोंड करून असावा. नोझलच्या बाहेरच्या बाजूला त्या दिशेची खूण करा, म्हणजे आवळून झाल्यावरही तो कुठे बघतो आहे ते कळेल.

सगळं जोडून झालं पण सोलेनॉइडला नळी अजून लावलेली नाही, अशा वेळी नळी धुऊन घ्या. हातमोजे आणि चष्मा घाला, नळीचं टोक जाड कापडात घट्ट धरून मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर ठेवा आणि साथीदाराला बाटली क्षणभर हळूच उघडायला सांगा. कापडावर काय येतं ते बघा. मला नव्या, पाकिटातून काढलेल्या नळीतूनही जाळीचे तारेचे तुकडे मिळाले आहेत. कापड स्वच्छ येईपर्यंत पुन्हा करा. आणि टोक हातात धरलं आहे हे विसरू नका: मोकळी सुटलेली नळी चाबकासारखी उडते आणि द्रव त्वचेवर पडला तर जागच्या जागी गोठवतो.

मग गळती. बाटली उघडा, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा, दोन मिनिटं बघा. नंतर बाटली बंद करून सोलेनॉइडकडच्या लाईनमधला दाब गेजवर पाहा. हा गेज केबिनमध्ये आणायचा असेल तर विजेचा सेन्सरवाला लावा, दाबाची नळी माणसाच्या मांडीजवळ नको. दाब खाली जात असेल आणि बाहेर कुठेच बुडबुडे नसतील, तर सोलेनॉइड आतून गळतो आहे, म्हणजे नायट्रस गुपचूप मॅनिफोल्डमध्ये जमतो आहे. या अवस्थेत चावी फिरवली तर इनटेक फुटतं. असा संशय आला तर बाटली बंद करा, इग्निशन आणि इंजेक्टर दोन्ही तोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि इंजिन स्टार्टरवर नुसतं फिरवून आतली हवा बदला. मगच दुरुस्ती. म्हणूनच ही तपासणी सोडली तर इंजिन चालू नसताना बाटली उघडी ठेवायची नाही.

आता एक गोष्ट, जी किटच्या कागदात क्वचितच ठळक लिहिलेली असते. बाटली बंद, सोलेनॉइड बंद, आणि मधली नळी द्रवाने काठोकाठ भरलेली, असं कधीही सोडू नका. साडेचार मीटरच्या एएन 4 नळीत साधारण 80 घनसेंटीमीटर, म्हणजे 60 ग्रॅम नायट्रस मावतो. बाहेर आला तर तो 30 लिटरहून जास्त वायू. बाटलीत वर वायूची उशी असते, नळीत ती नसते. तापलेल्या इंजिनजवळ हा कोंडलेला द्रव फुगू लागला की दाब बाष्पदाबाच्या हिशेबात राहत नाही, सरळ वर चढतो. फेरी संपली की आधी बाटली बंद करा, मग पर्ज दाबून नळी पूर्ण रिकामी करा, गेज शून्यावर आलेला डोळ्यांनी बघा. याच कारणासाठी लाईनच्या मधे आणखी एखादा बॉल व्हॉल्व टाकायची कल्पना सोडून द्या, त्याने कोंडायला आणखी एक कप्पा तयार होतो. कुठलाही जोड उघडण्याआधीही हेच. गेज शून्यावर दिसला तरी नट एकदम न फिरवता पाव फेरी सैल करून थांबा, ऐका, मग काढा.

शेवटची चाचणी बाटली बंद आणि लाईन रिकामी ठेवून करा. सोलेनॉइडना वीज द्या, नायट्रसचा खटका ऐकू आला पाहिजे. मग इंजिन मंद चालू असताना फक्त पेट्रोलचा सोलेनॉइड क्षणभर चालवा: इंजिन गुदमरल्यासारखं झालं पाहिजे. झालं नाही, तर पेट्रोल नोझलपर्यंत येतच नाही, आणि बाटली उघडायची वेळ अजून आलेली नाही. ते ठीक असेल तर किटमधल्या सर्वांत लहान जेटच्या जोडीने सुरुवात करा. पूर्ण थ्रॉटलचा स्विच आणि 3000 आरपीएमच्या खाली न चालू देणारा विंडो स्विच जोडलेला हवा. 50 च्या शॉटला इग्निशनचं टायमिंग साधारण 2 अंश मागे घ्या आणि स्पार्क प्लग एक पायरी थंड लावा. पहिल्या तीन शॉटनंतर गाडी थंड होऊ द्या, लाईन रिकामी करा, सगळ्या जोडांवरच्या रेघा बघा, दोन्ही जेट काढून उजेडाकडे धरा, फिल्टर उघडा. आत काही सापडलं तर ते कुठून आलं हे कळेपर्यंत चौथा शॉट मारू नका.